गवारकाकू रोज दिसतात, मग बोलत का नाही?

प्रश्न: ताई, मी डोंबिवलीहून दादरला येते. चार वर्षं झाली, तीच सकाळची 8.17 फास्ट, तोच लेडीज डबा. त्यात एक काकू असतात, आकाशी रंगाची डब्याची पिशवी, चेन तुटलेली म्हणून सेफ्टी पिन लावलेली, आणि मांडीवर पेपर पसरून गवार मोडत बसतात. मनातल्या मनात मी त्यांना गवारकाकू म्हणते, बोललो मात्र कधीच नाही. मे महिन्यात कोल्हापूरला अंबाबाईच्या रांगेत त्या दिसल्या आणि आम्ही दोघी अशा ओरडलो की पुढचे लोक वळून बघायला लागले! अर्धा तास गप्पा, मुलीचं लग्न ठरलंय इथपर्यंत सगळं कळलं, नाव विचारायचं तेवढं राहिलं. सोमवारी ट्रेनमध्ये त्या नुसत्या हसल्या, मीपण हसले आणि मोबाईल काढला. असं का होतं? मी सायकॉलॉजीत एमए करतेय, यावर प्रोजेक्ट होईल का?

उत्तर: होईल की, न व्हायला काय झालं. तुझ्या गवारकाकूंसाठी सायकॉलॉजीत शब्दसुद्धा आहे, फॅमिलियर स्ट्रेंजर, म्हणजे ओळखीचा अनोळखी. स्टॅनले मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने (माणूस हुकूम कुठवर मानतो ते बघणारा, तोच तो शॉकच्या मशीनवाला, तुमच्या सिलॅबसमध्ये असेलच) 1972 मध्ये यावर लिहिलं. त्याच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या गाड्यांच्या प्लॅटफॉर्मवर सकाळच्या गर्दीचे फोटो काढले, नंतर तिथेच जाऊन तेच फोटो लोकांना दिले आणि विचारलं, यातलं कोण ओळखीचं वाटतं. तर जवळजवळ 90 टक्के लोकांना निदान एक तरी चेहरा ओळखीचा निघाला, सरासरी काढली तर न बोलता ओळखीचे असे 4 जण, आणि ज्यांच्याशी खरंच बोलणं होतं असे फक्त दीड.

कोल्हापूरचं कोडंही त्याने सोडवून ठेवलंय. रोजच्या जागेपासून जितकं लांब भेटाल तितकं बोलणं सोपं जातं. आणि एक गंमत, साधी वेळ विचारायची असली तरी माणूस वर्षानुवर्षं बघितलेल्या चेहऱ्याला विचारणार नाही, साफ परक्याला विचारेल. कारण जेवढी वर्षं गप्प काढली तेवढं तोंड उघडणं अवघड होत जातं. त्यात शहरात चेहरे इतके की प्रत्येकाला वेळ द्यायचा म्हटलं तर ऑफिसला कधी पोचणार, चेहरा लक्षात ठेवायला काही लागत नाही, पण एकदा बोललीस की उद्याही बोलावं लागतं, परवाही, आणि एखाद्या दिवशी डोकं दुखत असलं तरी. म्हणून सोमवारी दोघी नुसत्या हसलात, त्यात तुसडेपणा मला तरी दिसत नाही. हे नातं काही अगदीच पोकळ नसतं. मिलग्रॅमनेच सांगितलेली गोष्ट आहे, ब्रुकलिनमध्ये एक बाई रस्त्यात कोसळली आणि तिला कित्येक वर्षं नुसती बघत आलेली त्याच रस्त्यावर राहणारी बाई अँब्युलन्स बोलावून थांबली नाही, सोबत हॉस्पिटलपर्यंत गेली.

आता प्रोजेक्टचं. नुसतं “अशा किती जणी आठवतात?” विचारलंस तर आकडा कमी येईल, कारण आठवून सांगण्यापेक्षा समोर दिसल्यावर ओळखणं कितीतरी सोपं असतं, मिलग्रॅमने फोटो दाखवले ते उगाच नाही. पण तू लेडीज डब्यात न विचारता फोटो काढू नकोस हं, मार खाशील आणि तो योग्यच असेल, शिवाय गाईडही परवानगी देणार नाही. त्यापेक्षा ज्या तयार होतील त्यांचे लेखी संमती घेऊन काढ.

दुसरी अडचण खास आपली. मिलग्रॅमच्या व्याख्येत आपसात काहीच बोलणं झालेलं नको, पण आपल्याकडे “कुठे उतरणार?” हे सीटसाठी कोणीही कोणालाही विचारतं, त्याला काय बोलणं म्हणायचं? मी तर नाही धरणार, पण तुला आधीच ठरवून लिहावं लागेल, नाहीतर व्हायव्हात तिथेच अडकवतील. आणि ज्या ग्रुपने प्रवास करतात, हळदीकुंकू वाढदिवस सगळं डब्यातच, त्यांचा वेगळा गट कर. मला वाटतं त्यांना बाहेरचे चेहरे कमी ओळखू येत असतील, पण हे तू तपास.

प्रश्नावली तयार झाली की पाठव, बघून देते. आणि काकूंचं नाव इतक्यात विचारू नकोस, प्रोजेक्ट संपेपर्यंत थांब.