मित्राचा प्रोपेलर माझ्या विमानाला चालेल का?

प्रश्न : दोन आसनी विमान घरीच बांधतो आहे. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० अश्वशक्तीचं. मित्राकडे ८० अश्वशक्तीच्या रोटॅक्सवरचा ठरावीक पिचचा (म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारा) लाकडी प्रोपेलर पडून आहे. बसवू का?

उत्तर : नको, कितीही चांगल्या स्थितीत असला तरी. तुमच्या गिअरबॉक्सचं गुणोत्तर (प्रोपेलरच्या एका फेरीमागे इंजिनाच्या किती फेऱ्या) २.४३, ८० अश्वशक्तीच्या इंजिनाचं बहुधा २.२७. म्हणजे इंजिन मिनिटाला ५८०० फेऱ्यांवर असताना त्याचा प्रोपेलर २५५५ फेऱ्या घेत होता, तुमच्याकडे जेमतेम २३८७ घेईल. फेऱ्या कमी, त्यामुळे तो ताकदही बरीच कमी खेचणार आणि मोकळं सुटलेलं इंजिन ५८००च्या वर पळणार. मला याचीच धास्ती वाटते.

पहिल्याच विमानासाठी मी जमिनीवर पिच बदलता येणारा तीन पात्यांचा प्रोपेलर सुचवेन. पाती कोनमापकाने लावताना प्रत्येक पातं आडवं आणून, हबपासून (पाती जिथे बसतात तो मधला भाग) एकाच अंतरावर मोजा. अर्ध्या अंशाचा फरकही अंगाला जाणवणारी थरथर देतो. मग सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटल देऊन बघा : ५८०० ओलांडले तर पिच वाढवा, ५२००च्या खाली अडकलं तर कमी करा. सलग चालवायची मर्यादा ५५०० आहे, ५८०० फक्त पाच मिनिटं. धावपट्टी आखूड असेल तर पिच थोडा कमीच ठेवा. चढाई जोमदार हवी, वेग थोडा गेला तरी चालेल.

खरेदीपूर्वी प्रोपेलरचं जडत्व (तो फिरवायला किती जड, याचं माप) विचारा. या गिअरबॉक्सला ६००० किलो-चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.