मोठ्याने वाचलंस का?

प्रिय पोरी,

मसुदा वाचला. पहिल्या बारा पानांत वसाहतवाद आणि वंशवादाचा सिद्धान्त मांडणारा फॅनन सतरा वेळा येतो. त्रिनिदादच्या सॅम सेल्व्हन या कादंबरीकाराचं एक वाक्य नाही. आणि प्रबंध म्हणे सेल्व्हनवर! गाईड म्हणतात सिद्धान्त वाढव, सेट-नेटवाली मैत्रीण म्हणते दलित पँथरशी तुलना घाल, मुलाखतीत बरं पडतं. कुणाचं ऐकू, विचारतेस. सेल्व्हनचं ऐक. मोठ्याने वाच.

'द लोनली लंडनर्स' (1956) त्याने आधी प्रमाण इंग्रजीत लिहायला घेतली होती. जमेना. संवादच नव्हे, निवेदनसुद्धा त्रिनिदादच्या बोलीवर बेतलं, तेव्हा कुठे कादंबरी चालायला लागली. वंशाबद्दल त्याला जे म्हणायचंय ते त्या निवेदनाच्या सुरात आहे. तो सूर तुझ्या कानावरच पडला नसेल तर फॅनन बिचारा काय करणार?

तुलनेचं म्हणशील, तर 1972 साली मुंबईत पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, कॅरिबियनमधून नाही. त्रिनिदाद या कॅरिबियन बेटाचा पेच निराळा. 1838 मध्ये गुलाम पुरते सुटले आणि मळेवाल्यांनी 1845 पासून हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आणले. सेल्व्हनचे वडील भारतीय वंशाचे, आणि त्याने लंडनमध्ये रंगवलेला कादंबरीचा नायक मोझेस मात्र कृष्णवर्णीय. यावर अख्खं प्रकरण होतं. पण आधी वाच. मोठ्याने.

मला हे कळलं ते माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेत, व्हायव्हात. बाहेरच्या परीक्षकांनी 'द लोनली लंडनर्स' उघडून पुढे सरकवलं. उन्हाळ्याचा तो भाग, पानंच्या पानं आणि विरामचिन्हं नाहीत. म्हणाले, "वाचा." मी कॉन्व्हेंटी उच्चारात, नको तिथे श्वास घेत, अडखळत वाचू लागले. चौथ्या ओळीला त्यांनी पुस्तक मिटलं. पदवी दिली, हो. पण त्या मिटलेल्या पुस्तकाचा आवाज अजून येतो.

मग कित्येक वर्षं कॅलिप्सोच्या, म्हणजे त्रिनिदादच्या गाण्यांच्या, कॅसेटी घासल्या. माइटी स्पॅरो या कॅलिप्सो गायकाचा एकेक शब्द वहीत उतरवायचा, चुकला की रिवाइंड. त्या काळात माझे दोनच लेख छापून आले, बढती रखडली, मागून आलेले पुढे गेले. मी आळशी नव्हते गं! एखादा वाक्प्रयोग कळायला महिना लागतो, तो बायोडेटात कुठे लिहायचा? त्या पुढे गेलेल्यांपैकी एकाला तरी... जाऊ दे.

शिष्यवृत्तीच्या अर्जाचं मी बघते, ती काळजी सोड. शनिवारी येशील तेव्हा लॅपटॉप नको. पुस्तक आण. उन्हाळ्याचा तो भाग तू वाचायचास, मी चहा टाकून ऐकत बसेन.