वाचकांचे प्रश्न : आयबीएम आय या ऑपरेटिंग सिस्टिमवर रेंगाळणाऱ्या क्वेरी

प्रश्न : महिनाअखेरच्या विक्री अहवालासाठी क्यूयूएसआरएसवायएस लायब्ररीतल्या क्यूएक्यूक्यूआयएनआय या क्वेरींच्या सेटिंगच्या फाईलमध्ये पॅरलल डिग्री (एक क्वेरी किती समांतर कामांत वाटायची ते) ‘स्टार मॅक्स’ केली. अहवाल लवकर निघू लागला, पण दिवसा ऑर्डर एंट्रीचे स्क्रीन अडकतात. सेटिंग चुकले का?

उत्तर : सेटिंग चालेल, जागा चुकली. त्या लायब्ररीतली फाईल, वेगळे काही सांगितले नसेल तर, मशीनवरच्या प्रत्येक जॉबला (चालू कामाला) लागू होते. ‘स्टार मॅक्स’ दिले की पूलमधली (जॉबच्या गटासाठी राखलेली) सगळी मेमरी आपल्याच क्वेरीची, असे धरून ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) प्लॅन आखतो. रात्री एकट्या अहवालाला ते परवडते. दिवसा प्रत्येक जॉबने तसेच धरले तर ओढाताण होणारच.

आधी तिथली पॅरलल डिग्री ‘स्टार डीफॉल्ट’ करा. फाईल डिलीट करायला जाऊ नका, चालू जॉबनी ती धरून ठेवलेली असते. मग अहवालासाठी वेगळी लायब्ररी घ्या आणि क्रिएट डुप्लिकेट ऑब्जेक्ट कमांडने क्यूएसवायएसमधली मूळ फाईल तिच्यात आणा. डेटा पॅरामीटर ‘स्टार येस’ द्यायला विसरलात तर रिकामी फाईल हाती येते. कॉपी फाईल कमांड इथे चालत नाही, कारण या फाईलवरचे ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारे प्रोग्राम) तिच्याबरोबर येत नाहीत. नव्या प्रतीत क्यूक्यूपार्म रकान्यात ‘पॅरलल डिग्री’ असलेली ओळ शोधून तिचे क्यूक्यूव्हॅल एसक्यूएलने अपडेट करा. आधी ‘स्टार ऑप्टिमाइझ’ देऊन पाहा. त्यात क्वेरी जॉबच्या वाट्याच्या मेमरीत भागवते. शेवटी अहवालाच्या सीएल (कंट्रोल लँग्वेज) प्रोग्राममध्ये, पहिल्या क्वेरीच्या आधी, चेंज क्वेरी अॅट्रिब्यूट्स कमांडने ही लायब्ररी दाखवा. परिणाम तेवढ्याच जॉबपुरता राहतो. कमांड चालवणाऱ्या युजरला जॉब कंट्रोलचा खास अधिकार लागतो, नाहीतर रात्री दोन वाजता जॉब तिथेच पडेल. आणि मशीनवर सिमेट्रिक मल्टिप्रोसेसिंगचा पर्याय बसवलेला नसेल तर प्रोसेसरची समांतर कामे होतच नाहीत.

हे ‘वाट्याचे’ गणितही तपासा, बऱ्याचदा खरे दुखणे तिथेच असते. पूलचा पेजिंग ऑप्शन ‘स्टार फिक्स्ड’ असेल तर वाटा म्हणजे पूलचा आकार भागिले मॅक्स अॅक्टिव्ह (पूलमध्ये एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांची कमाल संख्या). ८,००० एमबीच्या पूलला कोणीतरी कधीकाळी ४०० टाकून ठेवले असेल, तर एका जॉबच्या वाट्याला २० एमबी! एवढ्याशा जागेत ऑप्टिमायझर हॅश टेबलच्या (ओळी चटकन शोधायला मेमरीत बांधलेल्या तक्त्याच्या) वाटेला सहसा जात नाही. आकडा ४० केला की वाटा २०० एमबी होतो. मात्र एकदम खाली उतरू नका. वर्क विथ सिस्टिम स्टेटसच्या पडद्यावर ‘वेट टू इनएलिजिबल’चा (जागा नसल्याने ताटकळणाऱ्या कामांचा) रकाना शून्यावरून हलू लागला, की आकडा थोडा परत वाढवायचा. पेजिंग ‘स्टार कॅल्क’ असेल तर भागाकारात प्रत्यक्ष चालू जॉबची सरासरी धरली जाते.

प्रश्न : रविवारी आयपीएल केला (मशीन पुन्हा सुरू केले) की सोमवारी सकाळी ठरावीक चौकशा संथ, दुपारनंतर ठीक. असे का?

उत्तर : प्लॅन कॅशे (आखलेले प्लॅन साठवण्याची जागा) आयपीएलमध्ये रिकामा होतो, आणि सिस्टिमने स्वतः बांधलेले तात्पुरते इंडेक्सही (ओळी लवकर शोधून देणाऱ्या सूची) त्याच्याबरोबर जातात. ते पुन्हा बांधले जाईपर्यंत सोमवारची सकाळ सरते. पुढच्या आयपीएलआधी क्यूएसवायएस२ मधल्या एसवायएसआयएक्सएडीव्ही टेबलात (सिस्टिमच्या इंडेक्स सल्लागाराच्या यादीत) ‘एमटीआय यूज्ड’चे (तात्पुरते इंडेक्स वापरल्याचे) आकडे मोठे असलेल्या ओळी काढा आणि त्यांचे कायमचे इंडेक्स करा. इंडेक्सची की (रकान्यांचा क्रम) लावताना बरोबरीच्या अटींचे रकाने आधी, मर्यादेच्या अटीचा शेवटी : कंपनी, शाखा, मग तारीख. सल्लागार सुचवेल तो प्रत्येक इंडेक्स मात्र करू नका. प्रत्येकाचा भार इन्सर्ट-अपडेटवर पडतो.

प्रश्न : क्वेरी टाइम लिमिट ६० सेकंद ठेवले, तर बॅच (पडद्यामागे चालणारे) जॉब एमएसजीडब्ल्यूमध्ये (संदेशाच्या उत्तराची वाट पाहत) अडकून बसतात.

उत्तर : ही मर्यादा ऑप्टिमायझरच्या अंदाजावर चालते, घड्याळावर नाही. अंदाज ६० च्या वर गेला की क्वेरी सुरू व्हायच्या आधीच सीपीए४२५९ चा प्रश्न येतो : ‘सी’ म्हणजे रद्द, ‘आय’ म्हणजे दुर्लक्ष. बॅचमध्ये उत्तर द्यायला कोणी नसते, म्हणून सिस्टिम रिप्लाय लिस्टमध्ये (ठरलेल्या उत्तरांच्या यादीत) या संदेशाचे उत्तर टाकून जॉबचे इन्क्वायरी मेसेज रिप्लाय ‘स्टार सिस्टिम रिप्लाय लिस्ट’ करा. एक उपयोग मात्र फार कामाचा : डीबग (तपासणीची अवस्था) चालू करून मर्यादा शून्य ठेवा आणि प्रश्नाला ‘सी’ द्या. लाखो ओळींची क्वेरी न चालवताच ऑप्टिमायझरचे संदेश जॉब लॉगमध्ये वाचायला मिळतात.