कंपनीच्या पैशातून झालेलं संशोधन बाद समजावं का?

प्रश्न : आरोग्यविषयक लेखांत मी नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतले शोधनिबंध संदर्भ म्हणून देतो. पुष्कळ निबंधांत ‘खर्च अमुक औषध कंपनीने केला’ असं छापलेलं असतं. असे निबंध वापरूच नयेत, की कंपनीचं नाव उघड केलंय म्हणजे भागलं?

उत्तर : सरसकट बाद करू नका. नव्या औषधांच्या मोठ्या चाचण्यांचा खर्च बहुतेक वेळा कंपनीच करते. ते सगळं वगळलंत तर हाती फारसं उरणार नाही. पण नाव उघड केलं की भागलं, हे मला अजिबात मान्य नाही. वैद्यकीय मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम, आणि ते करताना व्हायॉक्सची चाचणी माझ्या मनातून जात नाही.

व्हायॉक्स हे सांधेदुखीवरचं औषध. नेप्रोक्सेन या जुन्या वेदनाशामकाशी त्याची तुलना करणारी, ८ हजारांवर रुग्णांची चाचणी २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. पैसा हे औषध बनवणाऱ्या मर्क कंपनीचा, आणि ते लपवलेलंही नव्हतं. पोटाला त्रास कमी, हा मुख्य निष्कर्ष. हृदयविकाराचे झटके मात्र व्हायॉक्स घेणाऱ्यांत जास्त दिसले, तर नेप्रोक्सेनच हृदयाला जपत असावं असा अर्थ लावला गेला. त्यातही हृदयाच्या तक्रारींची मोजणी पोटाच्या तक्रारींपेक्षा महिनाभर आधी थांबवलेली होती. आणखी ३ झटके त्यामुळे निबंधात आलेच नाहीत. २००४ मध्ये कंपनीने औषध मागे घेतलं. त्या ३ झटक्यांबद्दल नियतकालिकाने जाहीर चिंता व्यक्त केली ती डिसेंबर २००५ मध्ये. तोवर किती लेखकांनी तो निबंध विश्वासाने पुढे नेला असेल!

तेव्हा नुसता सारांश वाचून लिहू नका. तुलना कशाशी, किती मात्रेशी, मोजणी कधीपर्यंत, हे ‘पद्धती’ या भागात शोधा. चाचणी सुरू होण्याआधीची नोंद मिळाली तर निबंधाशी ताडून पाहा. मुख्य निकषच, म्हणजे चाचणीत प्रामुख्याने काय मोजायचं तेच, बदललेलं दिसलं तर त्या निबंधावर विसंबू नका.

न छापलेल्या चाचण्यांचाही विचार करा. नैराश्यावरच्या औषधांच्या, अमेरिकेच्या औषध नियंत्रकांकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या २००८ मध्ये अभ्यासकांनी तपासल्या. नियंत्रकांनी अनुकूल ठरवलेल्या ३८ पैकी ३७ छापून आल्या होत्या. उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत.

आणि संदर्भ द्यालच तेव्हा पैसा कोणाचा होता हे तळटीपेत ढकलू नका. ज्या वाक्यात निष्कर्ष सांगाल, त्याच वाक्यात कंपनीचं नाव लिहा.