चौकीदारानं काम सोडलं, खोली सोडेना

प्रश्न: नागपूरच्या मनीषनगरात आमची 16 फ्लॅटची स्कीम आहे. पार्किंगला लागून, पंपाशेजारी चौकीदाराची खोली आहे. 14 वर्षांपूर्वी ठेवलेले काका दिवाळीपासून काम करत नाहीत, गुडघे गेलेत. पण काका-काकू, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात तिथंच राहतात. मुलगा ई-रिक्षा चालवतो, चार्जिंग कॉमन मीटरवर. आधार, रेशनकार्ड आमच्याच पत्त्यावर. एक सभासद म्हणतात, बारा वर्षं झाली, खोली त्यांची झाली. दुसरे म्हणतात, खोलीची वीज कापा, आठ दिवसांत जातील. नवा चौकीदार खोलीशिवाय यायला तयार नाही. मी सचिव आहे, काय करू? (सोबत कागदांचे फोटो.)

उत्तर: ताई, तुमचे दोन्ही सभासद चुकताहेत. पहिल्यांच्या चुकीनं फक्त घाबरायला होतं, दुसऱ्यांचं ऐकलंत तर पोलीस ठाण्यात जावं लागेल.

बारा वर्षांची गोष्ट येते ती 1963 च्या मुदत कायद्यातल्या अनुच्छेद 65 मधून. पण ती मुदत मोजायची तर ताबा मालकाला न जुमानता, उघडपणे, ‘हे माझंच’ म्हणून घेतलेला असावा लागतो. काका तिथं राहिले ते तुमच्या परवानगीनं आणि तुमच्या कामासाठी. पहाटे पंप लावायचा, रात्री फाटक बंद करायचं, म्हणून खोली. असा ताबा 14 काय, 40 वर्षं राहिला तरी त्यातून मालकी उगवत नाही. केअरटेकर, चौकीदार किंवा नोकर कितीही काळ राहिला तरी त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये मारिया मार्गारिडा सिक्वेरा फर्नांडिस यांच्या प्रकरणात स्वच्छ सांगितलंय. आधार आणि रेशनकार्ड राहण्याचा पुरावा आहेत, तेवढंच.

वीज कापणाऱ्यांना सांगा, नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याला लागून असलेल्या खोलीतला कूलर बंद पाडला आणि म्हातारं माणूस आडवं झालं, तर खोलीचा वाद बाजूला पडेल. सामान बाहेर काढून कुलूप ठोकलं, तर सहा महिन्यांच्या आत स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम 6 खाली दावा लावता येतो. त्या दाव्यात खोली कुणाच्या मालकीची हा प्रश्नच नसतो. ताबा कायद्यानं घेतला की बळानं, एवढंच कोर्ट बघतं. चौकीदाराला त्यात यश मिळेलच असं नाही, पण वादी होऊ शकणारे तुम्ही प्रतिवादी होऊन बसाल.

आता खरी अडचण. ती तुमच्या पत्रात नाही, फोटोत आहे. पावतीपुस्तकाचा फोटो मी मोठा करून पाहिला. मुलाच्या नावानं तीन पावत्या, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. ‘खोली भाडे, रु. 1000’. खाली खजिनदारांची सही आणि गोल शिक्का. खजिनदारांनी लाइटबिलाची तोंडमिळवणी म्हणून घेतले असतील, पण शब्द ‘भाडे’ लिहिलाय! काकांना 14 वर्षांच्या नोकरीतून जे मिळालं नाही, ते मुलगा या तीन कागदांवरून मागू शकतो. तो तुमचा नोकर नाही. त्याच्याकडून भाडं घेतलंत तर ‘मी भाडेकरू’ म्हणायला तो मोकळा. आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही मालकाची जबाबदारी; तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत.

तेव्हा एप्रिलचे पैसे घेऊ नका. पावतीपुस्तक फाडूही नका, मूळ पावत्या मुलाकडे आहेतच. नोटिशीत लिहा की खजिनदारांना खोली भाड्यानं देण्याचा अधिकार नव्हता, आमसभेचा ठराव नव्हता, त्यातून भाडेकरार झालेला नाही. ही बाजू टिकाऊ आहे, कारण तुमची स्कीम डिक्लेरेशन डीडवरची, म्हणजे इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणणाऱ्या घोषणापत्रावरची. 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्यात कलम 3(फ) मध्ये सामायिक जागा मोजल्यात, त्यात देखभालीसाठी ठेवलेल्या माणसांच्या राहण्याची जागा नाव घेऊन आहे. म्हणजे खोली 16 जणांची, अविभक्त. मात्र डीड आणि मंजूर नकाशा काढून खोली त्यात आहे का हे बघाच. पार्किंगमध्ये मागाहून भिंती घातल्या असतील, तर महापालिकेचा वेगळाच प्रश्न उभा राहील.

एक गोष्ट कडू लागेल. दिवाणी कोर्टात तुमची बाजू भक्कम, लेबर ऑफिसात लंगडी. चोवीस तास माणूस खोलीत, म्हणून चोवीस तास ड्युटी, हे गणित कायद्याला मान्य नाही. 14 वर्षांत साप्ताहिक सुटी, ओव्हरटाइम, किमान वेतन यांचा हिशेब तुमच्या रजिस्टरात दिसत नाही. मला तर रजिस्टरच दिसलं नाही. म्हणून भांडायला जाण्याआधी काकांचा हिशेब करा, थोडा हात सैल सोडून. आमसभेत ठराव घ्या, रक्कम चेकनं द्या, नातीची परीक्षा होईपर्यंत मुदत द्या. परवानगी काढून घेतली तरी निघायला वाजवी वेळ द्यावा, असं 1882 चा ईझमेंट्स अ‍ॅक्टही सांगतो. त्यानंतरही नाही निघाले, तर नोटीस आणि सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात ताब्याचा दावा.

नव्या चौकीदारासाठी कुणीतरी एजंटकडून 11 महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स करून आणेल. नको. भाडे नियंत्रण कायद्यातल्या ‘लायसन्सी’च्या, म्हणजे अशा करारानं राहणाऱ्याच्या, व्याख्येतून मालकाचा नोकर मुद्दाम वगळलाय, त्यामुळे त्या कराराचा झटपट ताब्याचा फायदा मिळणार नाही. नेमणूक पत्र करा, त्यातच खोली: कामासाठी, नोकरी असेपर्यंत, बिनभाड्यानं. कोण कोण राहणार त्यांची नावं, लाइटला वेगळा सबमीटर, आणि पक्कं बांधकाम काहीही करायचं तर समितीनंच करायचं. भाडं घ्यायचंच असेल तर त्याच कायद्याच्या कलम 22 खालचा लेखी सेवा-भाडेकरार, म्हणजे नोकराशी केलेला भाडेकरार, वकिलाकडून करून घ्या. नोकरी संपल्यावर ताबा मागायला त्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं.

काकांशी मात्र आधी तुम्ही स्वतः बोला, खजिनदारांना नेऊ नका. निघायच्या दिवशी ताबा पावतीवर काका आणि मुलगा, दोघांच्याही सह्या हव्यात. सबमीटर नसल्यानं लाइटबिलाचा वाद निघेल, तो त्या दिवशी काढू नका. किल्ल्या किती परत आल्या तेही पावतीवर लिहा. पंपाच्या खोलीची एक काकांकडेच असेल.