ब्रिटनमध्ये इतके चाहते असूनही तिथल्या टीव्हीवर ॲनिमे का टिकत नाही?

प्रेक्षक नाहीत, हे या प्रश्नाचे ठरलेले उत्तर आहे आणि ते चुकीचे आहे, हे आधीच सांगून टाकते. लंडनच्या पश्चिम भागातील एका छोट्या उपग्रह वाहिनीत मी २००५ ते २००९ या काळात वेळापत्रक विभागात नोकरी केली आणि नेमके हेच उत्तर मला एका सकाळी कागदावर बोट ठेवून ऐकवण्यात आले होते. वाहिनीचे नाव सांगणार नाही, कारण वाहिनी आता राहिलेली नसली तरी तिथली माणसे आहेत.

ॲनिमे, म्हणजे जपानी सजीवचित्रे (ॲनिमेशन), ब्रिटिश टीव्हीवर आलेच नाही असे नाही. बीबीसीने १९७९ मध्ये ‘बॅटल ऑफ द प्लॅनेट्स’ दाखवली आणि ऐंशीच्या दशकात ‘डॉगटॅनियन’ व ‘मिस्टिरियस सिटीज ऑफ गोल्ड’ दाखवल्या. मात्र पहिली अमेरिकेत काटछाट होऊन आली होती, दुसरीत स्पेनची आणि तिसरीत फ्रान्सची भागीदारी होती, त्यामुळे आपण जपानी काम पाहत आहोत याची बहुतेक मुलांना कल्पनाही नसे. डोंबिवलीत १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली पाहताना आमचेही तेच झाले होते. गाणे गुलजारांचे, जंगल आपले, तेव्हा मालिकाही आपलीच असणार, असे आम्ही धरून चाललो होतो.

जपानी म्हणून मिरवत ॲनिमे ब्रिटनमध्ये आले ते १९९१ मध्ये, ‘अकिरा’ या चित्रपटाच्या मागोमाग, आणि तेही टीव्हीवरून नव्हे तर व्हिडिओ कॅसेटच्या दुकानांतून. त्या काळी कॅसेटवर १५ किंवा १८ वर्षांचा शिक्का असला की ती तरुण मुलांत अधिक खपे, म्हणून काही इंग्रजी डबिंगमध्ये मूळ संवादांत नसलेल्या शिव्या भरल्या गेल्या. ‘मँगा व्हिडिओ’ हे विक्रेत्याचे नाव इतके रुळले की जपानी चित्रकथांसाठी असलेला मँगा हा शब्द ब्रिटिश लोक ॲनिमेलाच वापरू लागले आणि त्या शब्दाला रक्ताचा व नग्नतेचा वास चिकटला तो चिकटलाच. पुढे १९९९ मध्ये पोकेमॉन प्रथम स्काय वन या वाहिनीवर आणि मग आयटीव्हीच्या शनिवार सकाळच्या कार्यक्रमात आले, तेव्हा ॲनिमे म्हणजे पत्ते आणि खेळणी विकण्याची युक्ती, असा दुसरा समज पहिल्याशेजारी येऊन बसला.

माझ्या मते खरे कारण इथे आहे. ब्रिटिश वाहिन्यांच्या कपाटात चित्रपटासाठी किंवा नाटकासाठी हवे तितके खण आहेत, परंतु सजीवचित्रांसाठी दोनच होते: एक शाळा सुटल्यानंतरचा मुलांचा आणि दुसरा मध्यरात्रीनंतरचा. तिथे रात्री ९ ची सीमा पाळली जाते, म्हणजे मुलांना अयोग्य असे काही त्याआधी दाखवायचे नाही. परंतु ९ नंतरचे दोन-तीन तास हे वाहिनीचे सर्वांत महागडे तास असल्याने तिथे कार्टून लावण्याची छाती कोणाचीच होत नाही. आता चौदा ते पंचवीस वयाच्या प्रेक्षकासाठी केलेली, थोडी हिंसा आणि बरीच उदासी असलेली मालिका यांपैकी कोणत्या खणात बसणार? विनोदी कार्टून या नियमाला अपवाद ठरले, कारण हसवणाऱ्याला सगळे माफ असते. मुलांच्या खणातले पैसेही हळूहळू आटले. मुलांच्या कार्यक्रमावर आधारित वस्तूंची जाहिरात त्या कार्यक्रमाच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास करता येत नाही असा तिथला नियम आहे आणि २००७ पासून मुलांच्या कार्यक्रमांभोवतीच्या गोड-तेलकट खाद्यपदार्थांच्या जाहिरातींवरही बंधने आली. ज्या मालिका मुळात खेळण्यांच्या विक्रीवर जगतात, त्यांच्यासाठी हा दुष्काळच होता.

आता माझे प्रकरण. २००६ मध्ये आमच्या वाहिनीने इतर कार्यक्रमांच्या गठ्ठ्यात २६ भागांची एक जपानी गुप्तहेर मालिका जवळजवळ फुकटात घेतली होती आणि ती कोणी पाहायलाही तयार नव्हते. नियमांच्या दृष्टीने प्रत्येक भाग आधी कोणीतरी पाहून मिनिटामिनिटाची नोंद करावी लागते, शिवी कुठे, रक्त कुठे, सिगारेट कुठे. ते काम माझ्याकडे आले. तिसऱ्या भागापर्यंत मी नोंदी करायला विसरू लागले आणि टेप मागे घेऊन पुन्हा पाहू लागले. त्यानंतर प्रकाशाच्या लखलखाटाची चाचणी होती. ब्रिटनमध्ये १९९३ साली नूडल्सच्या एका जाहिरातीमुळे काही प्रेक्षकांना अपस्माराचे झटके आल्यापासून याबाबतचे नियम कडक आहेत, आणि १९९७ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागानंतर शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावे लागल्यापासून ॲनिमेकडे तिथले तंत्रज्ञ संशयानेच पाहतात. हार्डिंग चाचणी म्हणतात तिला. यंत्रात भाग चालवला की पडद्याखाली एक आलेख सरकत जातो आणि लखलखाट मर्यादेबाहेर गेला की रेघ वर उसळते. आमच्या २६ पैकी ९ भागांत ती उसळली, बहुतेक ठिकाणी फक्त बंदुकीच्या गोळीबारावर किंवा विजेच्या कडकडाटावर. त्या प्रत्येक जागी चौकटी मंद करून घेण्यासाठी संकलकाचे तास लागले आणि फुकटातली मालिका फुकटातली राहिली नाही. तेव्हापासून आमचे प्रमुख तिच्याकडे घरात आलेल्या आगंतुक पाहुण्यासारखे पाहू लागले.

मी तीन पानांचा प्रस्ताव केला होता: रविवारी रात्री १० वाजता, सलग २६ आठवडे, वेळ न बदलता. त्यांनी मालिकेला बुधवारची मध्यरात्रीनंतरची दीडची वेळ दिली आणि दोनदा ती न कळवता अर्धा तास पुढे ढकलली. त्यानंतर एका गुरुवारी सकाळी आदल्या रात्रीचे आकडे आले आणि आमच्या भागासमोर शून्य होते. त्यांनी त्या शून्यावर बोट ठेवून मला शांतपणे सांगितले की ब्रिटिश माणूस मोठेपणी कार्टून पाहत नाही, आणि सबटायटल वाचत तर मुळीच नाही. मालिका डब केलेली होती, हे त्यांच्या लक्षातही नव्हते.

ते शून्य म्हणजे काय, हे त्या इमारतीत सर्वांना ठाऊक होते. तिथली प्रेक्षकमापनाची पाहणी तेव्हा सुमारे ५ हजार घरांत यंत्रे बसवून केली जात असे, म्हणजे पाहणीतले एक घर साधारण तितक्याच हजार घरांच्या वतीने बोलत असे. बुधवारी रात्री दीड वाजता या ५ हजारांपैकी एकानेही आमची वाहिनी लावली नाही की झाले शून्य. त्यातच ज्या मुलांना ही मालिका हवी होती त्यांच्याकडे तोपर्यंत कार्यक्रम साठवून ठेवणारे सेट टॉप बॉक्स होते आणि ती मुले सकाळच्या कॉलेजसाठी झोपून मालिका शनिवारी पाहत होती. सात दिवसांत पाहिलेलेही धरून जो आकडा येतो, तो आठवडाभराने येतो. मी तो मागवून घेतला. शून्याच्या जागी ११ हजार होते. तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, त्यांनी त्यावर कॉफीचा कप ठेवला आणि १९ व्या भागानंतर मालिका बंद केली. चाचणी पार केलेले, पैसे मोजून दुरुस्त केलेले उरलेले सात भाग टेपांच्या कपाटातच राहिले.

म्हणून मला हे उत्तर लिहावेसे वाटले. २००२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली, ॲनिमेही दाखवणारी सीएनएक्स वाहिनी वर्षभरात गुंडाळली गेली, २००७ च्या सप्टेंबरात सुरू झालेली ॲनिमे सेंट्रलही वर्ष भरण्याआधी बंद झाली, आणि दोन्ही वेळी लोकांनी तोच निष्कर्ष काढला. परंतु २०११ मध्ये बीबीसी फोरने शनिवारी रात्री ९ वाजता ‘द किलिंग’ ही डॅनिश मालिका सबटायटलसह दाखवली आणि हाच ब्रिटिश माणूस ती निमूटपणे वाचत बसला. फिल्म फोर ही वाहिनी स्टुडिओ जिब्ली या जपानी ॲनिमे संस्थेचे चित्रपट वर्षानुवर्षे दाखवत आली, कारण जिब्लीला तिथे चित्रपटाचा मान आहे, कार्टूनचा नाही. २०२२ मध्ये लंडनच्या बार्बिकन नाट्यगृहात जिब्लीच्याच तोतोरोचे नाटक आले, त्यावर तिकिटांसाठी लोक तुटून पडले, आणि २०२४ मध्ये तिथल्याच कोलिझियम नाट्यगृहात जिब्लीच्या ‘स्पिरिटेड अवे’चे नाटक तर चक्क जपानी भाषेत झाले. मी ते पाहायला गेले होते. माझ्या शेजारचे वृद्ध जोडपे वरच्या पट्टीवरचे भाषांतर वाचत होते आणि मध्यंतरात आजीबाई आजोबांना एक ओळ पुन्हा विचारत होत्या.

आपण प्रश्नाच्या तपशिलात लिहिले आहे की आपण लेस्टरला शिकता आणि मित्रांसह एखाद्या वाहिनीला प्रस्ताव पाठवण्याचा विचार आहे. जरूर पाठवा, परंतु मालिका कोणती यावर दोन ओळी आणि वेळ कोणती यावर दोन पाने लिहा. मध्यरात्रीनंतरची वेळ देऊ केली तर नम्रपणे नाही म्हणा, कारण ती वेळ म्हणजे उपकार नसून आपल्याविरुद्धचा पुरावा तयार करण्याची सोय असते. वेळ बदलणार नाही असे लेखी घ्या. आणि आदल्या रात्रीच्या आकड्यावर निर्णय होणार नाही, सात दिवसांच्या आकड्यावर होईल, हेही लेखी घ्या. मी हे घेतले नव्हते.

काही गोष्टी माझ्या बाजूच्या नाहीत, त्याही सांगायला हव्यात. ११ हजार म्हणजे पाहणीतली दोन-तीन घरे, आणि शून्यावर विश्वास ठेवू नका म्हणणाऱ्या मला ११ हजारांवर तितकाच विश्वास ठेवता येत नाही. ज्या चाहत्यांच्या वतीने मी भांडत होते, त्यांतले पुष्कळ जण तीच मालिका चाहत्यांनी केलेल्या सबटायटलसह इंटरनेटवरून केव्हाच उतरवून मोकळे झाले होते. आज तर जपानमध्ये दाखवलेला भाग तासाभरात क्रंचीरोल या ॲनिमेच्या ऑनलाइन सेवेवर येतो, तेव्हा टीव्हीची वाट कोणी कशाला पाहावी, हा प्रश्नही रास्त आहे. शिवाय त्या बुधवारच्या अर्ध्या तासाला आमची वाहिनी एरवी टेलिशॉपिंगला वेळ विकत असे. ते भाडे सोडून आमच्या प्रमुखांनी १९ आठवडे माझ्या मालिकेला जागा दिली होती, हे मला नोकरी सोडताना हिशेबनीस बाईंकडून कळले. त्यांनी ते मला कधी ऐकवले नव्हते. तरीही सात दिवसांचा तो कागद त्यांनी वाचायला हवा होता.