महिन्याला ३६,००० मेल जातात, डेडिकेटेड आयपी घ्यावा का?

तुमचं पुस्तकविक्रीचं दुकान, १८,००० जणांची यादी, महिन्यातून दोन मेल, दिवाळी अंकांच्या हंगामात आठवडाभर रोज एक. मेल स्पॅममध्ये जातात म्हणून मेल पाठवून देणाऱ्या सर्व्हिसवाल्याने डेडिकेटेड आयपी (फक्त तुमचेच मेल जातील असा सर्व्हरचा इंटरनेट पत्ता) सुचवलाय. माझं मत: घेऊ नका, शेअर्डवरच, म्हणजे अनेकांचे मेल जातात त्या सामायिक आयपीवरच राहा.

पैशांचा मुद्दा नाहीच. ॲमेझॉनच्या एसईएस या मेल पाठवण्याच्या सेवेवर साधा डेडिकेटेड आयपी महिन्याला २४.९५ डॉलरला मिळतो. खरी अडचण वॉर्म-अपची. नवा आयपी म्हणजे कोरी पाटी, आणि स्पॅमवाले रोज नवे आयपी घेत असल्यामुळे जीमेल किंवा आउटलुक कोऱ्या पाटीकडे संशयानेच बघतात. म्हणून थोड्या मेलपासून सुरुवात करून रोज वाढवत न्यावं लागतं. समजा पहिल्या दिवशी २०० मेल आणि रोज २५ टक्के वाढ. पंधराव्या दिवशी तुम्ही साधारण ४,५०० वर असाल आणि १८,००० चा टप्पा ओलांडायला तीन आठवडे लागतील. त्या तीन आठवड्यांत रोज मेल गेला पाहिजे. तुमच्याकडे रोज पाठवण्यासारखं आहे काय? आणि एवढं करून पुन्हा पंधरा-पंधरा दिवस आयपी गप्प बसणार. महिनाभर काहीच गेलं नाही तर केलेली मेहनत जवळपास वाया जाते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. घाई करून एकदम सगळे सोडले तर ४२१ ने सुरू होणारे एरर येतात, म्हणजे ‘आत्ता नाही, नंतर या’. मेल रांगेत अडकतात आणि सकाळची ऑफर रात्री पोचते.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा. स्वतःच्या जीमेलवर आलेला तुमचाच मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांतून ‘शो ओरिजिनल’ निवडा. वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय का याच्या तपासण्या) या तिन्हींपुढे ‘पास’ हवं. डीकेआयएमपुढे डोमेन कुणाचं दिसतंय ते नीट वाचा. तिथे तुमच्याऐवजी सर्व्हिसवाल्याचं नाव असेल, तर तुमच्या मेलची पत त्याच्या खात्यात जमा होतेय. त्याने दिलेल्या डीएनएस (डोमेनची इंटरनेटवरची नोंदवही) नोंदी तुमच्या डोमेनवर घाला. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि बहुतेक जण तेच टाळतात.

एसपीएफच्या ओळीतच आयपीही दिसतो. तो स्पॅमहाउस या, स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची काळी यादी ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर तपासा. यादीत सापडला तर शेजाऱ्यांनी घाण केलीय. शेअर्डचा खरा तोटा हाच, आणि तिथून नाव तुम्हाला काढता येत नाही, सर्व्हिसवाल्यालाच काढावं लागतं. त्याला विचारा: नवी खाती वेगळ्या पूलमध्ये (आयपींच्या गटात) ठेवता का? विकत घेतलेल्या याद्या वापरणाऱ्यांना बंद करता का? गोलमोल उत्तर आलं तर आयपी नको, सर्व्हिस बदला.

आयपी स्वच्छ निघाला तर दोष तुमच्या पत्त्यांच्या यादीत आहे, आणि तो नव्या आयपीवरही तुमच्याबरोबर येणार. जीमेलची स्पॅम तक्रारींची मर्यादा ०.३ टक्के आहे, राहावं ०.१ च्या खाली. म्हणजे १०,००० जीमेलवाल्यांच्या इनबॉक्समध्ये मेल गेला आणि ३० जणांनी ‘स्पॅम’ दाबलं की झालं. आकडा मेल पाठवणाऱ्यांसाठीच्या गूगल पोस्टमास्टर टूल्समध्ये दिसतो. दिवसाला ५,००० च्या वर मेल जीमेलला जात असतील तर २०२४ पासून डीमार्क आणि एका क्लिकचं अनसबस्क्राइबही सक्तीचं आहे.

डेडिकेटेड कधी घ्यावा? महिन्याला लाखाच्या वर मेल, आणि तेही दर आठवड्याला सारख्या प्रमाणात जात असतील तेव्हा. किंवा समोरच्या कंपनीचा आयटी विभाग ‘ठरावीक आयपी द्या, आम्ही फायरवॉलमध्ये मोकळा करतो’ म्हणतो तेव्हा. ऑर्डरचे मेल ऑफरच्या मेलपासून वेगळे ठेवायला सबडोमेन (मूळ डोमेनचाच उपपत्ता) पुरतं.

दिवाळीचा आठवडा मात्र शेअर्डवरही जपून. पहिल्या दिवशी गेल्या ९० दिवसांत क्लिक किंवा खरेदी केलेल्यांनाच पाठवा. ‘ओपन’वर विसंबू नका, ॲपलचं मेल ॲप माणसाने न उघडताही ओपन दाखवतं. मग दोन-तीन दिवसांत बाकीचे जोडा. वर्षभर हू की चू न केलेले पत्ते या गर्दीत घेऊच नका.